चौथी जागा

कुस्तीत चौथा नंबर नसतो,
हे मी पोरींना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.
कांस्यं दोन वाटतात.
त्या दोन लढती ज्या दोघी हरतात
त्या दोघीही पाचव्या.
मखमलाबादच्या पोरी हसतात.
द्राक्षबागेतून थेट तालमीत येतात,
वेणीला फवारणीचा वास.

यारिना होलुब तीनदा पाचवी आली.

मला तिनं एकदाच धरलं.
बल्गेरियात, मार्चमध्ये, पंचावन्न किलोत.
फलकावर पेखळेचं पेकाले झालेलं.
एकेरी पट काढून ती मागे गेली
आणि भारंदाजाचे चार फेरे:
छत, मॅट, छत, मॅट,
छत, मॅट, छत,
मॅट.
दोन आणि आठ दहा. सत्तेचाळीस सेकंद.
बाळनाथ वस्ताद फोनवर म्हणाले,
पाठ लागली नाही ना? मग हरलीस कुठं?
वस्ताद मातीतले. त्यांच्याकडे आस्मान दिसल्याशिवाय
निकाल लागत नाही.

नियम असा आहे की
तुला पाडणारी फायनलला गेली
तरच तुझं दार पुन्हा उघडतं.
म्हणून खांद्यावर बर्फ धरून
तिच्यासाठी मी नवस बोलले.
आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला, तिथून, मराठीत:
हिला फायनलला जाऊ दे, घंटा बांधीन.

उपांत्य फेरीत ती एका गुणानं गेली.
माझी बॅग भरलेलीच होती.

घंटा मात्र आल्या आल्या घेतली,
भांडी बाजारातून, पितळी, पाव किलोची.
आई म्हणाली, नवस फळला?
नाही.
मग ही कशाला?
फळेल की.

पुढे माझा खांदा, माझं बीपीएड, माझं लग्न,
आणि अर्धवट राहिलेलं तेच बीपीएड.
ती लढत राहिली.
मी फोनवर याद्या उघडायची
पहाटे, नळाला पाणी यायच्या वेळेला,
एक डोळा हंड्यावर.
युरोपात कांस्य.
मग डावा गुडघा.
मग एकोणसाठ किलो, कारण पंचावन्नला
त्यांच्याकडे नवी पोरगी आली होती. पाचवी.
मग दीड वर्ष नाव कुठेच नाही;
मूल झालं होतं.
परत आली ती सत्तावन्नला,
दंड वेगळे, पट तोच. पाचवी.
आमची एकमेकींशी ओळख नाही. तिच्या जिंकलेल्यांच्या यादीत
मी एक ओळ आहे, तीही चुकीच्या आडनावाची.

मग एका पहाटे तिच्या तालमीचा फोटो आला,
चेर्निहिव्हचा.
छत, मॅट.
या वेळी एकच फेरा.
हंडा भरून वाहत होता,
सासूबाई ओरडल्या, बाई, लक्ष कुठंय?
मला सांगता येईना.

मेमध्ये पोलंडच्या एका यादीत, सोळाव्या ओळीत,
तिचं नाव दिसलं.
मी चपला घालून आनंदवल्लीला गेले, घंटा न घेता.
नुसतं सांगून आले की दिसली.

शेवटची लढत कांस्याची होती. हरली.
मग वर्तुळाच्या मधोमध बसून
बूट सोडायला लागली, सोडणाऱ्या सोडतात तसे.
उजवी नाडी गाठ बसलेली.
बराच वेळ सुटेना.
जिंकलेली पोरगी वाकून मदतीला आली
आणि तेवढ्यात जाहिरात लागली, सिमेंटची.

फायनल तिला कधीच मिळाली नाही,
त्यामुळे घंटा देवळात बांधता येत नाही.
तालमीत खुंटीला आहे. लढत लावताना वाजवते.
पोरींना भारंदाज शिकवते तेव्हा
हाताचं कुलूप कुठं लावायचं ते पुस्तकात नीट दिलेलं नाही.
मी अश्लेषाचे हात धरून माझ्या अंगावर ठेवते:
इथं नाही. खाली. अजून बोटभर.
शेवटच्या बरगडीला टेकतं बघ, हां,
इथं.
आता आवळ.